अहल्याबाईंची बाधा

हिंदीत दही खट्टा असतो, खट्टी नसते, हे बडोद्यात ज्यांना ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या निम्म्यांना तरी ते अहल्याबाई टिपणिसांनी सांगितलेलं असणार. एका गुजराती शाळेत त्यांनी जन्मभर हिंदी शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ घेऊन त्या घरी आल्या, पण शिकवणं काही शाळेत ठेवून आल्या नाहीत. निजामपुऱ्यातला रिक्षावाला 'मेरे को छुट्टा दो' म्हणाला, की पैसे मुठीत धरून त्या त्याच्याकडून 'मुझे' म्हणवून घेत आणि मगच मूठ उघडत. काही रिक्षावाले त्यांना लांबून पाहूनच दुसऱ्या गल्लीत वळत. हल्ली रिक्षा मिळणं फार अवघड झालंय, असं अहल्याबाईंचं त्यावर मत होतं.

त्यांचे यजमान श्रीकृष्णराव यांनी लग्नानंतर वर्षभरातच त्यांच्यापुढे हिंदी बोलणं सोडून दिलं होतं. श्रीकृष्णराव मामलतदार कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांच्या वाडवडिलांनी गायकवाडीत महसुलाचे कागद लिहिले होते, आणि कागदावर काय लिहावं यापेक्षा तोंडाने काय बोलू नये, हे त्या घराण्याला जास्त चांगलं समजत होतं.

तर अशा या अहल्याबाईंनी एक बाधा ठेवली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे दचकू नये. तिकडे बाधा होते ती भुताखेतांची, आणि ती उतरवायला मांत्रिक शोधावा लागतो. गुजरातीत मात्र बाधा ठेवतात ती देवाची. 'माताजी, माझं अमुक काम होऊ दे, तोवर मी तमुक खाणार नाही,' एवढं म्हटलं की बाधा ठेवली गेली. नवसाचीच बहीण म्हणा ना. फरक एवढाच, की नवसात काम झाल्यावर द्यायचं असतं आणि बाधेत काम होईपर्यंत सोसायचं असतं. बडोद्याच्या मराठी घरांत असे शब्द शेजाऱ्यांच्या वाटीतून येतात आणि परत जायचं विसरतात. अहल्याबाई दुसऱ्यांचे शब्द निवडत बसायच्या, पण हा खडा त्यांच्याच ताटात कधी आला ते त्यांनाही कळलं नव्हतं.

कारण घरगुतीच होतं. मुलाचं, आनंदचं, नीराशी लग्न होऊन चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. नीरा घरांचे नकाशे काढायची, शांत होती, कामात हुशार होती आणि हिंदी शुद्ध बोलायची, म्हणजे सून म्हणून तिच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती. शेजारच्या जशुबेननी अहल्याबाईंना बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका मातेच्या घुमटीपाशी नेलं आणि सांगितलं, जे सगळ्यात जास्त आवडतं ते सोडा. अहल्याबाईंनी डोळे मिटले आणि भात सोडला.

घरी आल्यावर श्रीकृष्णराव एवढंच म्हणाले, "अगं, कारलं सोडायचंस ने."

भात सोडणं म्हणजे काय, हे अहल्याबाईंना दुसऱ्या दिवसापासून कळू लागलं. वरणभात गेला, मसालेभात गेला, उन्हाळ्यातला दहीभात गेला. पोहे म्हणजे भात का, हा प्रश्न उभा राहिला. जशुबेननी निकाल दिला की भातच. त्याच न्यायाने कुरमुरे गेले, इडली गेली. खमण चण्याचं म्हणून वाचलं, पण ढोकळ्यात तांदूळ असतो म्हणून ढोकळा गेला. गणपतीत त्या स्वतः उकडीचे मोदक करत आणि स्वतःच्या ताटात नुसतं सारण घेत. तांदळाची पारी त्या अलगद सोलून बाजूला ठेवत आणि ती नीरा मुकाट्याने खाऊन टाकी. बाधेला तोंडाने नाही म्हणता येत नाही आणि मनाने हो म्हणता येत नाही, अशी त्यांची गत झाली. पण अहल्याबाई मागे हटणाऱ्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कधी ध्यानात आली नाही. बाधा त्यांची होती आणि तिची जाहिरात नीराची होत होती. कुठल्याही लग्नामुंजीत वाढपी भाताची परात घेऊन आला, की आजूबाजूच्या दोघी-तिघी एका सुरात म्हणत, अहल्याकाकूंना नको हं, त्यांची बाधा आहे. मग सगळ्या पंगतीच्या नजरा अहल्याबाईंच्या ताटावरून उठत आणि नीराच्या पोटावर जाऊन बसत. नीरा मान खाली घालून जेवत राही. अहल्याबाईंना वाटे, लोकांना आपलं किती कौतुक आहे.

अशी सात वर्षं गेली. मग एकदा आनंद आणि नीरा यांनी आठवडाभर भूतानला जायचं ठरवलं. नीराला डोंगर पाहायचे होते. अहल्याबाईंना डोंगरांचं कधी काही वाटलं नव्हतं. पण जशुबेनच्या फोनवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. भूतानात पुनाखाच्या बाजूला एका टेकाडावर बुद्धाचं एक देऊळ आहे, पाचशे वर्षांपूर्वी तिथे एक अवलिया लामा होऊन गेला, आणि तिथे डोक्यावर आशीर्वाद घेतला की मूल होतं म्हणून दुरून दुरून बायका येतात, असं त्यात होतं. आशीर्वाद कशाने देतात, तो भाग यायच्या आत जशुबेनच्या फोनचा प्राण गेला. अहल्याबाईंनी घरी येऊन जाहीर केलं की आपल्यालाही आता वयोमानाप्रमाणे डोंगर बघितले पाहिजेत. आनंदने नीराकडे पाहिलं, नीराने खिडकीबाहेर पाहिलं, आणि चार तिकिटं काढली गेली.

भूतानात उतरल्यावर पहिलं संकट ताटातच आलं. त्या देशात सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. तोही लालसर, वाफाळता, आणि सोबत मिरच्यांची चीज घातलेली भाजी. अहल्याबाई बॅगेतून थेपले काढत आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसत. वाढणाऱ्या मुलींना वाटे, आपल्या हातून काही चूक झाली. त्या पुन्हा पुन्हा भात घेऊन येत. नीरा त्यांना समजावून परत पाठवी.

देवळाच्या दिवशी गाडी खालच्या गावात थांबली आणि शेतांच्या बांधावरून चालत जायचं होतं. गाइड चांगला पन्नाशीचा, हसतमुख माणूस होता. हिंदी तो टीव्हीवरच्या पौराणिक मालिका पाहून शिकला होता, त्यामुळे तो 'अवश्य' आणि 'प्रस्थान करें' असलं बोले. अहल्याबाई त्याच्यावर बेहद्द खूश होत्या. गावातल्या पहिल्याच घराची भिंत पाहून मात्र त्या जागच्या जागी थांबल्या. दाराच्या दोन्ही बाजूंना पुरुषाचं जे चित्र काढलेलं होतं, ते पुरुषाचं पूर्ण चित्र नव्हतं. त्याचा एकच भाग होता, माणसाच्या उंचीचा, वर रंगीत फीत बांधलेला. पुढच्या घरावरही तेच. दुकानांत तर त्याच्या लाकडी प्रतिकृती लहान-मोठ्या आकारात ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

श्रीकृष्णराव आकाशातल्या ढगांचा अभ्यास करू लागले. आनंदला एकाएकी फोन आला. गाइड निर्मळ चेहऱ्याने सांगत होता, की यामुळे दृष्ट लागत नाही, वाईट शक्ती घरात शिरत नाहीत, आणि वर देवळात आशीर्वादही यानेच देतात. अहल्याबाईंनी पदर कानाभोवती घट्ट ओढला. त्या पुटपुटल्या की देवाधर्माच्या ठिकाणी हे काय भलतंच. त्यावर नीरा शांतपणे म्हणाली, की आई, श्रावणातल्या सोमवारी आपण दूध घालतो ते कशावर घालतो? एकवचनी पुल्लिंगी शब्द असा अहल्याबाईंच्या अंगावर कधी आला नव्हता.

देऊळ लहानसं होतं. आत लोण्याच्या दिव्यांचा वास भरला होता, आणि एक म्हातारा लामा मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे धनुष्यबाण होते आणि शेजारी ते लाकडी प्रकरण होतं. अहल्याबाईंनी नीराच्या पाठीला हलकेच हात लावून तिला पुढे सरकवायला पाहिलं. नीरा पुढे सरकली नाही. ती सरळ भिंतीशी जाऊन बसली. एवढ्या लांब येऊन, एवढं सगळं डोळ्यांनी बघून, आता ही बसली. मग त्यांनी ठरवलं की आपणच लामांना सगळं सांगावं, म्हणजे ते हिला बोलावतील.

त्या गाइडकडे वळल्या आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "भैया, मेरी सात साल से बाधा है। इसीलिए आई हूँ।"

गाइडचा चेहरा उतरला. सात वर्षांपासून? त्याने विचारलं. अहल्याबाईंनी मान डोलावली. त्याने दबक्या आवाजात विचारलं, की फार त्रास देते का? अहल्याबाई म्हणाल्या, त्रास तर होणारच, सात वर्षं भात खाल्लेला नाही.

"चावल भी नहीं खाने देती?" गाइडचे डोळे विस्फारले.

त्याच्या देशात याहून भयंकर काही असू शकत नव्हतं. तो लगबगीने लामापाशी गेला, वाकला, आणि त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला. म्हाताऱ्या लामाने अहल्याबाईंकडे अशा काही करुणेने पाहिलं, की त्यांना वाटलं, आपलं दुःख पोहोचलं. लामाने त्यांना खुणेने पुढे बोलावलं. त्यांनी नीराकडे बोट केलं. लामाने मान हलवून पुन्हा त्यांनाच बोलावलं. मग मोठी सासू म्हणून आधी आपला मान असेल, अशी समजूत करून घेऊन बासष्ट वर्षांच्या अहल्याबाई टिपणीस लामापुढे बसल्या. त्याने मंत्र म्हटले, पाणी शिंपडलं, चार दिशांना तांदूळ फेकले, आणि शेवटी धनुष्यबाण व ते लाकडी प्रकरण एकत्र उचलून त्यांच्या डोक्यावर चांगलं ठसठशीत टेकवलं. श्रीकृष्णरावांनी डोळे मिटून घेतले. ते भक्तीने मिटले, असं त्यांनी पुढे सांगितलं.

गाइड हात जोडून म्हणाला, "माताजी, आपकी बाधा चली गई। लामाजी कहते हैं, अब उसे वापस मत बुलाना।"

अहल्याबाईंनी त्याची चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. बाधा म्हणजे ते नव्हे, बाधा म्हणजे, असं म्हणता म्हणता त्या थबकल्या. कारण हिंदीत बाधा म्हणजे तेच. विघ्न, अडथळा, पीडा. मुलांना त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून दिलेला शब्द. गाइड बरोबर होता, त्याच्या मालिका बरोबर होत्या, आणि जन्मभर हिंदी शिकवलेल्या बाईंनी परमुलखात जाऊन, देवासमोर उभं राहून, हिंदीत गुजराती ठोकून दिलं होतं.

तेवढ्यात भिंतीपाशी कोणीतरी हसलं. नीरा होती. ती आधी ओढणी तोंडाशी धरून हसली, मग ओढणी सुटली, मग तिला थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी ती हसत होती. लामाही तिच्याकडे पाहून बोळकं पसरून हसू लागला. अहल्याबाईंना आधी राग आला. मग त्यांच्या मनात आलं, ही अशी हसलेली आपण शेवटची कधी पाहिली? त्यांना आठवेना.

उतरताना बाप-लेक पुढे गेले. सासू-सुना बांधावरून मागे चालत होत्या. नीराचं हसणं ओसरलं होतं. ती म्हणाली, आई, जरा थांबा. अहल्याबाई थांबल्या.

"आम्ही दोन वर्षांपूर्वीच थांबलो, आई," नीरा म्हणाली. "सगळे उपचार झाले. शेवटच्या खेपेला माझ्याच अंगात त्राण उरलं नाही. मी आनंदला म्हटलं, बस. तो पण म्हणाला, बस."

अहल्याबाईंनी विचारलं, दोन वर्षं, आणि मला बोलला नाहीत?

"कसं बोलणार? मूल होईपर्यंत भात नाही, असं तुम्ही म्हटलेलं. मूल होणारच नाही म्हणून सांगितलं असतं, तर तुमचा भात जन्माचा गेला असता, आणि तो मी घालवला असता. रोज तुमचं ताट समोर दिसायचं, आणि माझ्या गळ्याखाली घास उतरायचा नाही. आज त्या आजोबांनी तुमची बाधा काढली, म्हणून बोलतेय."

अहल्याबाईंना संताप आला होता. दोन वर्षं आपल्याच घरात आपल्याला कोणी काही सांगत नाही, आपण मूर्खासारखे मोदक सोलत बसतो, असं त्यांना वाटलं. वाटेत त्यांनी नीराने पुढे केलेला हात धरला नाही आणि एका चिखलाच्या जागी पाय घसरून गुडघ्यापर्यंत भरून घेतला. पण संताप तिथवरच टिकला. सोसतोय आपण आणि खातेय ती, असं त्या सात वर्षं धरून चालल्या होत्या. खरं म्हणजे आपण सोसत होतो आणि ती आपलं सोसणं सोसत होती, हे चिखलातून पाय काढताना त्यांच्या लक्षात आलं. मग दुसरा पाय काढायला त्यांनी नीराचा हात धरला.

रात्री उतारघरात जेवण आलं. वाढणारी मुलगी सवयीने भाताचं भांडं अहल्याबाईंच्या पुढून नेऊ लागली. त्यांनी ते हाताने थांबवलं. श्रीकृष्णरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की सावलीच्या मातेकडे ठेवलेली बाधा भूतानच्या लामाने काढली, तर ते हद्दीत बसतं का, हे जरा पाहायला हवं.

"वरच्या कचेरीत कळवून टाका," अहल्याबाई म्हणाल्या आणि ताटात भात वाढून घेतला.

पहिला घास त्यांनी तोंडात घातला आणि त्यांना रडू कोसळलं. भात गरम होता, जाड होता, गोडसर होता. पण तो खाल्ला याचा अर्थ नातवंड आता येणार नाही, हे त्यांना बांधावर कळलं नव्हतं, ते त्या घासाला कळलं. त्या रडत रडत जेवल्या. कोणी त्यांना गप्प केलं नाही. दुसऱ्यांदा भात नीराने वाढला.

इतकं होऊन गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अहल्याबाई राहत होत्या निजामपुऱ्यात, आणि तिथला हिशेब वेगळा होता. बाधा काम होईपर्यंत असते. म्हणजे बाधा सुटली, की काम झालं. हा साधा त्रैराशिकाचा नियम त्यांना सोडून सगळ्यांच्या लक्षात होता.

परतल्यावर पंधरवड्याने त्यांच्या नणंदेची, सरोजिनीवन्संची, बडोद्यातल्याच हरणी भागात नव्या घराची वास्तुशांत होती. पानं मांडली, वरणभात आला, आणि अहल्याबाईंनी मूद फोडून, लिंबू पिळून, मोठ्या चवीने कालवायला घेतली. शेजारच्या पानावरची बाई आधी त्यांच्या हाताकडे आणि मग नीराकडे बघू लागली. तिने पलीकडच्या बाईला कोपर मारलं. कुजबुज पंगतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून थेट स्वयंपाकघरात. अहल्याबाई दुसरा घास घेतात न घेतात, तोच सरोजिनीवन्सं हातात हळदकुंकू, तांदूळ आणि नारळ असं ओटीचं ताट घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, नीरापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या नव्या घरात पहिली ओटी तुझीच भरणार, शुभ वर्तमान लपवून ठेवलंत ते ठेवलंत.

नीराचा चेहरा पांढरा पडला. आनंद उठायला लागला. पंगतीतल्या सगळ्या बायका हसऱ्या तोंडांनी नीराच्या पोटाकडे बघत होत्या, आणि अहल्याबाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं. सात वर्षं त्या याच पंगतींत बसल्या होत्या, आणि ह्या नजरा त्यांना आज दिसल्या. त्यांच्या हातातला घास खाली आला.

त्या खरकट्या हाताने उभ्या राहिल्या. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज त्यांनी लावला.

"वन्सं, थांबा. नीराला दिवस गेलेले नाहीत, आणि जाणारही नाहीत. माझी बाधा फळली नाही. मी सोडली."

सरोजिनीवन्संच्या हातातलं ताट कलंडलं आणि थोडे तांदूळ फरशीवर सांडले. त्या चाचरत म्हणाल्या, की अगं, म्हणजे मग तुमच्या घराला पुढे कोण?

"घराला नीरा आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "आणि ती आली तेव्हा मी कुठे काही सोडलं होतं? न मागता मिळाली."

त्यांचा आवाज शेवटी फुटला, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. सरोजिनीवन्सं ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. परत न्यावं की काय करावं, हे त्यांना कळत नव्हतं. अहल्याबाईंनी त्यांना सांगितलं, की आता आणलंय तर भरा, सवाष्णीची ओटी भरायला आणखी कशाचं कारण लागत नाही.

नीरा उठली. तिने ओढणी दोन्ही हातांत धरून पुढे पसरली.

"भरा, आत्या," ती म्हणाली. "माझ्या आई सांगतायत."